उसाखाली ठिबक की ठिबकाखाली ऊस: ब्राउझरमधल्या सामायिक रूपरेषा-एडिटरचे एक प्रकरण

पाण्याच्या वापरावरील एका शेतकरी-मार्गदर्शिकेची रूपरेषा काही लेखक मंडळी मिळून तयार करत होती. मुद्दा, त्याखाली उपमुद्दे, त्यांखाली आणखी उपमुद्दे अशी ती मांडणी होती. ती प्रत्येकाला आपापल्या ब्राउझरमधून एकाच वेळी हाताळता यावी, यासाठी एडिटर बांधण्याचे काम आमच्या गटाकडे होते. पुण्यातील संपादिकेकडे कायम चालू असणारे ब्रॉडबँड होते. सांगोला तालुक्यातील लेखकाचे मोबाइल नेटवर्क मात्र येऊन-जाऊन असे आणि शेतात गेल्यावर ते बहुधा नसेच. या दोघांनी एकाच दुपारी केलेल्या दोन साध्या हालचालींनी एडिटरच्या रचनेतील बहुतेक निर्णय ठरवले, म्हणून ते प्रकरण येथे सविस्तर मांडत आहे.

रूपरेषेत ‘ऊस’ आणि ‘ठिबक सिंचन’ हे दोन मुद्दे एकाच पातळीवर, शेजारी शेजारी होते. संपादिका पुस्तकाची मांडणी सिंचनपद्धतीनुसार करू पाहत होत्या. त्यांच्या दृष्टीने ठिबक हे प्रकरण आणि ऊस, डाळिंब, भाजीपाला ही त्यातील पिके. त्यांनी ‘ऊस’ उचलून ‘ठिबक सिंचना’खाली ठेवला. लेखक पिकानुसार विचार करत होते. उसाची लागवड, उसाची खते, उसाचे पाणी, आणि पाण्यातच ठिबक. त्यांनी ‘ठिबक सिंचन’ उचलून ‘उसा’खाली ठेवले. त्या वेळी त्यांच्याकडे नेटवर्क नव्हते, त्यामुळे दोघांनाही आपापल्या पडद्यावर हवी तशी रूपरेषा दिसत होती आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते.

नेटवर्क परत आल्यावर दोन्ही बदल जसेच्या तसे लागू केले, तर उसाचा पालक (म्हणजे ज्याखाली तो मुद्दा आहे तो वरचा मुद्दा) ठिबक आणि ठिबकाचा पालक ऊस अशी स्थिती होते. दोघे एकमेकांना धरून राहतात, पण रूपरेषेच्या मुळाशी दोघांपैकी कोणाचाही धागा उरत नाही. रूपरेषा मुळापासून खाली वाचत जाणारा एडिटर त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही आणि दोन्ही मुद्दे, त्यांच्या सगळ्या उपमुद्द्यांसह, पडद्यावरून नाहीसे होतात. साठवणीतून एकही अक्षर गेलेले नसते. पण ज्याने ते लिहिले, त्याचा प्रश्न सरळ असतो: “माझा मुद्दा गेला कुठे?” हा प्रश्न कोणालाही विचारावा लागू नये, एवढे एकच उद्दिष्ट धरून पुढील सर्व निर्णय घेतले गेले.

आधी काय झाले होते

एकमेकांखाली रचलेले मुद्दे आणि अनेकांनी मिळून केलेले संपादन, या दोन कल्पना संगणकाच्या इतिहासात जवळजवळ एकत्रच आल्या. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जे प्रात्यक्षिक दाखवले, त्यात श्रेणीबद्ध मजकूर उघडणे-मिटणे होते आणि दूर मेन्लो पार्कमध्ये बसलेल्या सहकाऱ्यासोबत एकाच मजकुरावर काम करणेही होते. १९८९ साली टेक्ससमधील ऑस्टिन येथे क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्स यांनी ‘ग्रोव्ह’ (ग्रुप आउटलाइन व्ह्यूइंग एडिटर) हा एडिटर मांडला. तो तर नावापासूनच गटासाठीचा रूपरेषा-एडिटर होता, आणि एकाच वेळी झालेले बदल एकमेकांनुसार रूपांतरित करून जुळवण्याची जी पद्धत पुढे ऑनलाइन दस्तऐवजांमध्ये सर्रास आली, ती या कामातून निघाली. त्यांचा मूळ अल्गोरिदम काही परिस्थितींत चुकतो, हे नंतरच्या संशोधकांनी दाखवले आणि दुरुस्त्याही सुचवल्या.

या सगळ्या वाटचालीत बहुतेक लक्ष सरळ रेषेत चालणाऱ्या मजकुरावर राहिले: कोणी कोणत्या जागी अक्षर घातले, कोणी कोठून काढले. हा प्रश्न आज बऱ्यापैकी सुटलेला आहे आणि त्यासाठी वायजेएस किंवा ऑटोमर्जसारख्या मुक्त लायब्ऱ्या, म्हणजे कोणालाही वापरता येणारे तयार कोडचे संच, उपलब्ध आहेत. रूपरेषेचे खरे काम मात्र अक्षरे टाइप करणे हे नाही. टॅब दाबून मुद्दा आत नेणे, शिफ्ट-टॅबने बाहेर आणणे, पूर्ण फांदी उचलून दुसरीकडे लावणे हे ते काम आहे. माणूस रूपरेषा वापरतो तो विचारांची जागा बदलता यावी म्हणूनच, आणि नेमकी तीच क्रिया तयार साधनांमध्ये सर्वांत दुर्बळ असते.

काढून घालणे म्हणजे हलवणे नव्हे

मनात पहिली मांडणी येते ती एकात एक ठेवलेल्या यादीची: मुद्द्याच्या आत त्याच्या उपमुद्द्यांची यादी, त्या प्रत्येकाच्या आत पुढची यादी. पडद्यावर जे दिसते त्याच्याशी ती तंतोतंत जुळते, म्हणून ती मोहक आहे. तिच्यात हलवणे ही स्वतंत्र क्रिया नसते. मुद्दा एका यादीतून काढायचा आणि त्याची प्रत दुसऱ्या यादीत घालायची, असे दोन टप्पे करावे लागतात. वायजेएसमध्येही एकदा दस्तऐवजात बसवलेली रचना उचलून दुसरीकडे बसवता येत नाही, तिची नवी प्रतच करावी लागते.

दोघांनी एकच मुद्दा एकाच वेळी दोन ठिकाणी नेला, तर काढणे एकदाच होते, पण घालणे दोनदा होते, आणि पूर्ण फांदीच्या दोन प्रती तयार होतात. त्याहून वाईट प्रकार पुढचा आहे. संपादिका ‘ऊस’ हलवत असतानाच लेखक ‘ऊस’मधील ‘खोडव्याचे पाणी’ या उपमुद्द्यात वाक्य लिहीत असेल, तर त्याचे वाक्य जुन्या, काढून टाकलेल्या प्रतीत जाते. नव्या प्रतीत ते येतच नाही. म्हणजे एकाने केलेल्या मांडणीतल्या बदलामुळे दुसऱ्याचे लेखन हरवते, आणि ते हरवले आहे हे दोघांपैकी कोणालाही कळत नाही.

म्हणून साठवणीत यादीत यादी ठेवायची नाही, असे ठरले. प्रत्येक मुद्दा ही एक स्वतंत्र नोंद. तिला कधीही न बदलणारा ओळखक्रमांक. आणि ‘माझा पालक कोण’ व ‘भावंडांत माझी जागा कोणती’ ही दोनच रचनेची माहिती तिच्याजवळ. मजकूर ओळखक्रमांकाशी बांधलेला, पालकाशी नव्हे. मग हलवणे म्हणजे केवळ पालकाचा रकाना बदलणे. उपमुद्द्यांना हातही लावावा लागत नाही, कारण त्यांचा पालक बदललेलाच नसतो, आणि त्यांच्यात कोणी लिहीत असेल तर तो लिहीतच राहतो. एका मुद्द्याला एकच रकाना असल्याने दोन प्रती होण्याचा मार्गही बंद होतो.

चक्र

या सपाट मांडणीनेही ऊस आणि ठिबकाचा पेच, म्हणजे दोघे एकमेकांचे पालक होण्याचे चक्र, सुटत नाही, कारण तेथे दोन वेगळ्या नोंदींचे दोन वेगळे रकाने बदलले आहेत. स्वतंत्रपणे पाहिले तर दोन्ही बदल निर्दोष आहेत. दोष फक्त त्यांच्या एकत्र येण्यात आहे. या विषयावर मार्टिन क्लेपमन आणि सहकाऱ्यांचा २०२१ साली प्रसिद्ध झालेला निबंध आम्हाला फार उपयोगी पडला. त्यांची पद्धत अशी की प्रत्येक हलवण्याला सर्वत्र सारखाच लागणारा एक क्रम द्यायचा, आणि मागच्या क्रमाची हालचाल उशिरा पोहोचली तर तिच्यापुढच्या हालचाली उलगडून, ती आधी लावून, बाकीच्या पुन्हा लावायच्या. लावताना नवा पालक हा त्या मुद्द्याचाच वंशज निघाला, तर ती हालचाल सोडून द्यायची. सगळ्या संगणकांवर शेवटी एकच झाड तयार होते, हे त्यांनी यांत्रिक पडताळणीने सिद्ध केले आहे. फिग्मा या आरेखन-साधनाच्या गटाने २०१९ मध्ये वर्णन केलेला मार्ग याहून साधा आहे: पालक कोण हे प्रत्येक वस्तूजवळच नोंदवायचे, अंतिम शब्द सर्व्हरचा ठेवायचा आणि चक्र करणारा बदल सर्व्हरने नाकारायचा.

आमच्यापुढे प्रश्न होता तो क्रम कोणी ठरवायचा हा. प्रत्येक ब्राउझरने आपापल्या लॅम्पोर्ट-घड्याळानुसार (खऱ्या वेळेऐवजी घटनांचा क्रम मोजणाऱ्या अंकानुसार) क्रमांक दिले, तर सर्व्हर नसतानाही जुळवणी होते, ही त्याची मोठी शक्ती आहे. पण दोन दिवस शेतावर राहून परत आलेल्या लेखकाच्या हालचाली मग इतिहासाच्या मध्ये जाऊन बसतात, आणि बाकीच्यांनी दोन दिवस पाहिलेली, त्यावर चर्चा केलेली रूपरेषा अचानक वेगळी दिसू लागते. याउलट सर्व्हरवर पोहोचण्याचा क्रम धरला आणि शेवटचा बदल टिकवला, तर जुन्या माहितीवर केलेली हालचाल आजच्या निर्णयावर मात करते.

आम्ही सर्व्हरचा क्रम घेतला, पण शेवटच्याला झुकते माप दिले नाही. प्रत्येक हालचालीसोबत ‘ही करताना मी सर्व्हरच्या कोणत्या क्रमांकापर्यंतचे पाहिले होते’ हेही पाठवले जाते. त्यानंतर तोच मुद्दा इतर कोणी हलवला असेल, किंवा या हालचालीने चक्र होत असेल, तर आधी पोहोचलेली हालचाल कायम राहते आणि नंतरची सुचवणी म्हणून त्या मुद्द्याशेजारी दिसते. आपल्या प्रकरणात संपादिकेची हालचाल आधी पोहोचली. ‘ऊस’ ठिबकाखाली राहिला आणि लेखकाच्या पडद्यावर ‘ठिबक सिंचन’च्या बाजूला एक ओळ उमटली: आपण हा मुद्दा ‘उसा’खाली ठेवला होता, त्याआधी ‘ऊस’ येथे हलवण्यात आला आहे. सोबत सुचवणी स्वीकारण्याचे बटण होते. ते दाबल्यास आधी ‘ऊस’ बाहेर येऊन ठिबकाच्या जुन्या जागी बसतो आणि मग ठिबक त्याखाली जाते, म्हणजे लेखकाच्या मनात होते तेच चित्र, पण आता जाणीवपूर्वक निवडलेले. दोघांनी फोनवर बोलून शेवटी पिकानुसार मांडणी ठेवली. कोणती मांडणी योग्य, हा निर्णय अल्गोरिदमचा नाही, असे मला ठामपणे वाटते; निर्णय घ्यायचा बाकी आहे हे दाखवणे एवढेच त्याचे काम.

ब्राउझरच्या बाजूला याचा अर्थ असा की आपली हालचाल लगेच पडद्यावर दिसते, सर्व्हरची पोच येईपर्यंत ती प्रलंबित मानली जाते, आणि दरम्यान दुसऱ्याचे काही आले तर प्रलंबित हालचाली उलगडून, आलेले लावून, त्या पुन्हा लावल्या जातात. उलगडण्याची गरज फक्त प्रलंबितांपुरतीच उरल्याने हे काम हलके राहते.

त्याच नियमात बसलेल्या इतर गोष्टी

मुद्दा काढून टाकणे हेही हलवणेच ठरवले. ‘कचरा’ नावाचा एक अदृश्य मूळ-मुद्दा आहे आणि काढलेली फांदी त्याखाली जाते. संपादिकेने प्रकरण काढले आणि त्याच वेळी लेखक त्याच्या पोटातील उपमुद्द्यात लिहीत होता, तर त्याचे लेखन कचऱ्यात का होईना, पण अखंड असते. त्याला तशी सूचना जाते आणि फांदी परत आणता येते.

भावंडांचा क्रम दिसतो त्याहून अवघड निघाला. दोन मुद्द्यांमध्ये नवा मुद्दा घालताना दोन्हींच्या मधली अपूर्णांकासारखी किल्ली द्यायची, ही प्रचलित युक्ती आहे. पण दोघांनी नेटवर्कशिवाय एकाच जागी तीन-तीन मुद्दे लिहिले, तर दोघांच्या किल्ल्या जवळजवळ सारख्याच निघतात आणि एकाचा एक, दुसऱ्याचा एक अशी सरमिसळ होते. दोघांचाही युक्तिवाद त्यात तुटतो. म्हणून ब्राउझर किल्ली पाठवत नाही. ‘अमुक मुद्द्याच्या लगेच नंतर’ एवढेच पाठवतो आणि किल्ली सर्व्हर ठरवतो. लेखकाचा दुसरा मुद्दा त्याच्याच पहिल्याच्या नंतर बसतो, तिसरा दुसऱ्याच्या नंतर, आणि दोघांचे गट अखंड राहतात. आधाराचा मुद्दाच हलला असेल, तर त्याच्या जुन्या जागेची किल्ली वापरली जाते. केवळ भावंडांतला क्रम बदलण्याच्या बाबतीत मात्र शेवटचा बदल टिकतो. तेथे कोणाचे काही हरवत नाही, त्यामुळे विचारणा करून लेखकांचा वेळ घेणे योग्य वाटले नाही.

मुद्दे उघडणे-मिटणे आणि एखाद्या फांदीत शिरून तेवढीच पाहणे या गोष्टी सामायिक नाहीत. त्या ज्याच्या त्याच्या ब्राउझरमध्ये राहतात.

एंटर

मजकूर प्रत्येक मुद्द्यापुरता वायजेएसकडे सोपवला आहे आणि तेथे अडचण आली नाही. अडचण दोन मुद्द्यांच्या सीमेवर येते. वाक्याच्या सुरुवातीला कर्सर ठेवून एंटर दाबले, तर वर नवा रिकामा मुद्दा तयार व्हावा आणि मूळ ओळखक्रमांक मजकुराबरोबर खालीच राहावा. अन्यथा त्या मुद्द्यावरचे अभिप्राय, उपमुद्दे आणि तेथे लिहीत असलेल्या सहकाऱ्याचा कर्सर रिकाम्या ओळीवर जातात. वाक्याच्या मध्ये एंटर दाबले, तर कर्सरच्या आधीचा भाग ओळखक्रमांक राखतो आणि नंतरचा भाग नव्या मुद्द्यात जातो. त्याच क्षणी कोणी त्या नंतरच्या भागात शब्द घातला, तर तो शब्द मूळ मुद्द्याच्या अगदी शेवटी, संदर्भ सोडून, येऊन पडतो. यासाठी विभाजनाच्या नोंदीत कोणती अक्षरे नव्या मुद्द्यात गेली याची यादी ठेवली आणि त्या अक्षरांमध्ये नंतर आलेले शब्द योग्य जागी नेण्याचे काम सर्व्हरला दिले. हे फक्त सर्व्हरच करतो, कारण प्रत्येक ब्राउझरने केले तर तोच शब्द अनेकदा उमटेल.

मराठी टाइप करणारा हात

मोबाइलवर मराठी लिहिणारे बहुतेक जण इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारा कीबोर्ड वापरतात. शब्द पूर्ण होईपर्यंत तो अधोरेखित, कच्च्या अवस्थेत असतो, आणि या काळात एडिटरने त्या जागेच्या मजकुराला हात लावला, तर अर्धा शब्द गळतो किंवा दोनदा उमटतो. म्हणून शब्द कच्चा असेपर्यंत बाहेरून आलेले बदल केवळ त्या मुद्द्यापुरते थांबवून ठेवले जातात; बाकीची रूपरेषा हलत राहते.

पण त्या वेळी तो मुद्दाच कोणी हलवला तर? ब्राउझरमध्ये एखादा घटक नेहमीच्या पद्धतीने उचलून दुसरीकडे बसवला की त्यावरचा फोकस, म्हणजे टाइप केलेले तेथेच उमटेल ही निवड, जातो, आणि फोकस गेला की कच्चा शब्द तुटतो. येथे सपाट मांडणीचा अनपेक्षित फायदा झाला. पडद्यावरही आम्ही मुद्दे एकात एक न ठेवता ओळींची एकच यादी ठेवली आहे. खोली दाखवण्यासाठी डावीकडे समास सोडला जातो आणि पडदा-वाचकांसाठी (पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणाऱ्या साधनांसाठी) पातळीचा क्रमांक वेगळा दिला जातो. त्यामुळे ज्या ओळीत कोणी लिहीत आहे, ती जागची न हलवता तिच्या आजूबाजूच्या ओळी इकडून तिकडे नेता येतात. परिणाम तोच दिसतो, आणि लेखकाचा शब्द पूर्ण होतो.

कर्सरच्या जागेबाबतही देवनागरीने काळजी घ्यायला लावली. ‘विद्यार्थी’ हा शब्द ब्राउझरच्या हिशेबाने १० एककांचा आहे, कारण तो प्रत्येक व्यंजन, मात्रा आणि हलन्त वेगळे मोजतो. वाचणाऱ्याला त्यात ३ अक्षरे दिसतात. आणि युनिकोडच्या (सर्व लिप्या संगणकात नोंदवण्याच्या मानकाच्या) जुन्या नियमाने त्याचे ५ तुकडे होतात, कारण तो नियम हलन्तानंतर तोडत असे. २०२३ च्या १५.१ आवृत्तीत जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम आला, पण जुने ब्राउझर जुन्याच नियमाने चालतात. सहकाऱ्याचा रंगीत कर्सर ‘द्या’च्या मध्यावर काढला, तर जोडाक्षर फुटून ‘द्’ आणि ‘या’ वेगळे दिसतात. म्हणून कर्सर दाखवताना तो पुढच्या पूर्ण अक्षराच्या कडेला सरकवला जातो. बॅकस्पेस मात्र एकेक चिन्हच पुसतो, कारण चुकलेली वेलांटी दुरुस्त करण्यासाठी पूर्ण जोडाक्षर पुन्हा टाइप करायला लावणे कोणालाही मानवणार नाही.

साठवण, पडताळणी आणि अनडू

नेटवर्क नसतानाचे काम ब्राउझरच्या इंडेक्स्ड-डीबी या अंतर्गत साठ्यात राहते. त्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही: संकेतस्थळाशी सात दिवस काही संबंध आला नाही, तर सफारी हा ब्राउझर असा साठा पुसून टाकतो. त्यामुळे न पोहोचलेले बदल शिल्लक असतील, तर ते पडद्यावर ठळक दिसतात आणि एका फाइलमध्ये उतरवूनही घेता येतात. एकाच ब्राउझरच्या दोन टॅबना दोन वेगळे वापरकर्ते मानणेही आवश्यक ठरले. एकच ओळख दिल्यास दोन टॅब आपापल्या बदलांना सारखेच क्रमांक देऊ लागतात.

पडताळणीसाठी एक छोटा प्रोग्राम काही काल्पनिक ब्राउझर तयार करतो, त्यांच्याकडून यदृच्छेने हलवणे, काढणे, विभागणे करवतो, मध्येच त्यांचे नेटवर्क तोडतो आणि शेवटी तीन गोष्टी तपासतो: सगळ्यांची रूपरेषा सारखी आहे का, प्रत्येक मुद्द्याला एकच पालक आहे का, आणि प्रत्येक मुद्दा मुळापासून किंवा कचऱ्यापासून गाठता येतो का. रचनेच्या कोडमधील कोणताही बदल या तपासणीशिवाय पुढे जात नाही.

अनडू, म्हणजे केलेला बदल मागे घेणे, ही क्रिया फक्त आपल्याच बदलांना लागू होते. हलवण्याचे अनडू म्हणजे जुन्या पालकाकडे परत नेणारी नवी हालचाल, आणि तिलाही वरचेच सर्व नियम लागू पडतात. दरम्यान जुना पालक कोणी कचऱ्यात टाकला असेल, तर सरळ अनडू केल्याने हातातला मुद्दाही कचऱ्यात जाईल. अशा वेळी एडिटर अनडू थांबवतो आणि जुना पालक परत आणायचा की मुद्दा आहे तेथेच ठेवायचा, हे विचारतो. जुना पालक आता त्याच मुद्द्याचा वंशज झाला असेल, तर बटण मंद दिसते आणि त्यावर बोट ठेवल्यास कोणत्या हालचालीमुळे ते शक्य नाही, तिची नोंद उघडते.